ऐकून दिलेले मार्क

मामाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी आली, तेव्हा मला चेंबूरला त्याच्याकडे राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. माझे वडील गिरणीत होते आणि आमची लालबागची खोली एवढीशी, की कुणी अभ्यासाला बसलं की कुणाला तरी उठावं लागे. मॅट्रिक झाल्यावर आईने मला तिच्या भावाकडे धाडलं. 'तिथे गॅलरी आहे, पुस्तकं आहेत आणि तुझ्या मामाला पोर नाही,' असं ती म्हणाली. ही तिन्ही कारणं तिने एकाच दमात सांगितली. खरं कारण शेवटचं होतं, हे मला नंतर कळलं.

मामा चेंबूरच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवायचा. शाळेत तो परब सर, घरात मी त्याला मामा म्हणायचो, आणि मामी त्याला थेट काहीच म्हणायची नाही. 'अवो' म्हणायची किंवा भिंतीकडे बघून बोलायची. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतली दोन खोल्यांची जागा, पुढे गॅलरी. गॅलरीतून माहुलच्या बाजूला तेलाच्या कारखान्याची ज्योत दिसायची. दिवसा ती फिकट असे आणि संध्याकाळी दुकानातल्या पेट्रोमॅक्ससारखी भरत जाई. वारा फिरला की देवनारच्या कचऱ्याचा धूर यायचा. मामी लगबगीने उठून खिडक्या लावायची आणि तेवढ्यासाठी देवनारला मालवणीत दोन शिव्या घालायची. सकाळ सुरू व्हायची दूधकेंद्राच्या बाटल्यांच्या किणकिणाटाने. मग शेजारच्या स्टोचा पंप, मग कारखान्याचा भोंगा, आणि भोंग्याच्या आत कुठेतरी मामीचा आवाज, "झिला, उठतंस की पाणी मारू?" न्याहारीला आंबोळी नाहीतर रात्रीच्या भाकरीचा कुस्करा. दुपारी कुळथाची पिठी, भात आणि तव्यावर भाजलेली सुकट. त्या सुकटीचा वास माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या पुस्तकांना होता.

त्या वर्षी मामाने शाळेत एक खूळ काढलं होतं. खूळ हा शब्द माझा नाही, शाळेच्या कमिटीतल्या एका गृहस्थांचा. नववीच्या इतिहासाच्या शंभर मार्कांपैकी वीस मार्क मामाने बाजूला काढले. ते सनावळ्यांना नव्हते, कारणं-परिणाम लिहिण्यालाही नव्हते. प्रत्येक धडा झाला की मुलाने घरी बसून एक पान लिहायचं, की हा धडा वाचताना मला काय वाटलं, कुठे अडलं, आधी काय समजत होतो आणि आता काय समजतो. हेडमास्तर भला माणूस होता. त्याने एका वर्षाची परवानगी दिली, पण अट घातली. वर्षअखेरीस निवडक पानं पालकांसमोर आणि कमिटीसमोर वाचायची. त्यांना पटलं तर वीस मार्क राहतील, नाहीतर रद्द. कमिटीचे गृहस्थ तेव्हाच म्हणाले होते, "वाटण्याला मार्क? उद्या रडण्याला पण द्याल, परब!"

मामा घरी येऊन हे सांगताना हसला होता, पण त्या अटीत त्याचा जीव अडकलेला होता. वीसेक वर्षं तो घोकलेली उत्तरं तपासत आला होता. एकदा तो मला म्हणाला, "सुरेश, मला कंटाळा येऊन मेलेल्या माणसासारखं निवृत्त व्हायचं नाही रे."

आणि नेमकं त्याच वर्षी मोतीबिंदू पिकला. तेव्हा ते ऑपरेशन आजच्यासारखं चहा पिऊन परत येण्याचं नव्हतं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, महिनोन् महिने वाचायचं तर मुळीच नाही. दुसरा डोळा आधीच दुधाळ झालेला. मामा रजेवर, म्हणून मुलांची पानं पिशव्यांतून घरी येऊन पडली. मामी म्हणाली, "सोडा ती पेपरां. दुसरो मास्तर तपासात."

"दुसरा मास्तर शुद्धलेखन तपासेल गं," मामा म्हणाला. मग पट्टीआडून त्याने तोंड माझ्या दिशेने वळवलं. "तू वाच. मी ऐकतो."

अशी सुरुवात झाली. मी कॉलेजातून आलो की गॅलरीत मामा वेताच्या खुर्चीत बसलेला असे. हातात चहाचा स्टीलचा पेला आणि त्या पेल्याच्या काठावर एक बोट हळूहळू टकटकत असे. मी स्टुलावर बसून पानं वाचायचो. आज सत्तरी ओलांडल्यावर मला वाटतं, मी आयुष्यात ऐकणं जे काही पाहिलं, ते त्या गॅलरीत पाहिलं. मी मुद्दाम 'पाहिलं' म्हणतो. मामाचं बोट टकटकत राहायचं; पान चाललं आहे, मूल बोलतं आहे, ठीक आहे. आणि मधेच ते थांबायचं. त्या थांबण्याच्या क्षणी मूल खरं काहीतरी बोललेलं असायचं. मला ते कळायचं नाही. मी दोन ओळी पुढे गेलेला असायचो. मामा म्हणायचा, "मागे जा. पुन्हा वाच."

पहिल्या पिशवीतली बहुतेक पानं सारखीच होती. 'हा धडा वाचून मला देशाभिमान वाटला व आपणही असेच व्हावे असे वाटले.' मामा त्याला सत्यनारायणाचा प्रसाद म्हणायचा. प्रत्येकाच्या हातावर तेवढाच, त्याच चवीचा. अशा पानांना तो मार्क कमी द्यायचा, पण चिडायचा नाही. "त्यांना वाटतं आपल्याला हेच हवंय. वर्षानुवर्षं आपण तेच तर मागितलं."

मग हळूहळू दुसरी पानं येऊ लागली. आणिक गावाच्या बाजूच्या मिठागरात काम करणाऱ्या माणसाच्या मुलाने मिठाच्या सत्याग्रहावर लिहिलं होतं, 'मीठ सगळ्यांनी आपापलं उचललं तर माझ्या बाबांना काम राहणार नाही. धड्यात मी सत्याग्रहींच्या बाजूने होतो. घरी आल्यावर कोणाच्या बाजूने आहे ते कळेना.' मामाचं बोट थांबलं. चहा तसाच थंड झाला. एका मुलीने तानाजीच्या धड्यावर लिहिलं, 'आधी लग्न कोंडाण्याचं, असं ते म्हणाले. पण लग्न थांबलं असं नवरीकडे कोणी सांगायला गेलं असेल? तो माणूस काय बोलला असेल?' मामाने ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मामीला हाक मारली. मामी हाताचं पीठ झटकत आली, ऐकलं आणि म्हणाली, "खरा मरे! हळदीक बसलेल्या चेडवाक काय सांगितल्यानी?" त्या संध्याकाळी भाकऱ्या करपल्या आणि कुणी कुरकुर केली नाही.

मला अजून आठवतं, माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान पोरं होती ती. मी कॉलेजात इतिहास घेतलेला, मोठाल्या पुस्तकांचे दाखले देणारा. माझ्या डोक्यात असा एक प्रश्न कधी उगवला नव्हता.

मार्क देण्याची मामाची रीतही वेगळीच होती. ज्या दिवशी पान ऐकलं, त्या दिवशी मार्क नाहीत. "मुरू दे," म्हणायचा. पुढच्या रविवारी तो नुसतं आठवायचा. जे पान आठवलं त्याला जास्त मार्क, जे आठवलं नाही ते पुन्हा वाचायला लावायचा, कारण चूक पानाची की आपल्या कानाची, हे बघायला हवं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी शेरा म्हणून एक प्रश्न. तो सांगायचा, मी माझ्या अक्षरात लिहायचो. मिठागरवाल्या मुलाला, 'बाबांना विचारलंस का, ते कोणाच्या बाजूने आहेत?' पुढच्या वेळी तो मुलगा बाबांचं उत्तर लिहून आणायचा. कधी बाबा रागावले, असंही लिहून आणायचा.

आता माझ्याकडे येतो. इतका वेळ मामाबद्दल लिहिणं सोपं होतं.

ते बोट मला छळू लागलं. रोज संध्याकाळी कुणा ना कुणा पोराच्या वाक्यावर ते थांबे आणि ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलेलं असे, पण माझं नसे. मला कविता, गोष्टी लिहायच्या होत्या. लिहिलेलं मामाला दाखवायची हिंमत नव्हती. आधी मी एवढंच केलं, की जिथे मला वाटेल तिथे आवाज जरा खाली आणायचा, एक क्षण थांबायचं. बोट कधी थांबे, कधी नाही. मग मी एखादा शब्द बदलला. 'वाईट वाटलं'च्या जागी 'पोटात तुटलं'. बोट थांबलं. मला जी लाट आली अंगातून, ती मी विसरलेलो नाही. ते पोरगं माझ्या एका शब्दाने अधिक चांगलं ठरलं होतं आणि ते कुणालाही कळणार नव्हतं.

भारती कोळी तुर्भ्याच्या कोळीवाड्यातून शाळेत यायची. चेंबूरपलीकडचं, खाडीच्या अलीकडच्या काठावरचं ते जुनं गाव. मी तिला तोवर पाहिलं नव्हतं. तिचं अक्षर मोठं, गोल, ओळ सोडून खाली उतरणारं. तिचं पान आलं तेव्हा वर्ष संपत आलं होतं, आणि सभेत वाचायला मामाला एक शेवटचं पान हवं होतं. धडा शिवाजी महाराजांच्या आरमाराचा. तिने लिहिलं होतं ते मला आज अक्षरशः पाठ आहे, का ते पुढे सांगतो.

'धड्यात लिहिलं आहे की आरमारात कोळी लोक होते. आम्ही कोळी आहोत. म्हणून मी आजीला विचारलं, आपल्यातलं कोण होतं? आजी म्हणाली, ठाऊक नाही. तिला तिच्या आजोबांचं नाव ठाऊक आहे, त्यांच्या बापाचं नाही. मग मी शेजारी विचारलं. त्यांनाही ठाऊक नाही. पुस्तकात आम्ही आहोत पण आमच्या घरात ते पुस्तक नाही. आजी म्हणाली, कोणाचं नाव सांगितलं तर जास्त मार्क पडतील का? मी म्हटलं, पडतील. ती म्हणाली, मग लिही काहीतरी, कोण बघायला येतंय. पण मी लिहिलं नाही, कारण मला माहीत नाही.'

एवढंच.

मी अर्धं पान वाचत आलो होतो. बोट टकटकत होतं. पुढच्या ओळी माझ्या डोळ्यांना दिसत होत्या आणि मला त्या फिक्या वाटल्या. फिक्याच नव्हे, जरा हलक्या. मार्कांची गोष्ट कुणी अशी पानात लिहितं? सभेत हे वाचलं तर कमिटी हसेल, मामाचे वीस मार्क जातील, असंही मी स्वतःला सांगितलं. ते निमित्त होतं. खरं म्हणजे मला एक वाक्य सुचलं होतं. 'पुस्तकात आम्ही आहोत पण आमच्या घरात ते पुस्तक नाही' इथपर्यंत मी तिचं वाचलं, आणि मग पानाकडे बघत बघत म्हणालो, 'तेव्हा आजी उठली. तिने आढ्याला टांगलेलं जुनं वल्हं खाली काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे त्यांचं. मी ते उचलायला गेले तर मला उचललं नाही.'

बोट थांबलं. पेला खाली ठेवला गेला. मामाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. पट्टीखालून गालावर पाणी आलं. डॉक्टरने रडायला मनाई केली होती. मामी धावत आली, "काय वाचून दाखवतंस रे त्येंका! डोळो जायत ना!"

"असू दे," मामा म्हणाला. "हिला वीसपैकी अठरा. आजच लिही. मुरायला नको."

माझ्या डोक्यात तेव्हा एवढाच हिशेब होता, की सभेत पानं मामाच वाचून घेणार, म्हणजे मीच वाचणार. पण सभेच्या दोन दिवस आधी हेडमास्तरांनी ठरवलं, की ज्याचं पान त्यानेच वाचायचं. मला ते रविवारी सकाळी, मामाला हात धरून शाळेच्या हॉलमध्ये नेताना, जिन्यावर कळलं. मी पान बदलू शकत नव्हतो. मामाला थांबवू शकत होतो. पंधरा पायऱ्या होत्या की वीस, आठवत नाही. त्यांतल्या कुठल्याही पायरीवर मला बोलता आलं असतं.

हॉल भरलेला होता. पालक बाकांवर, मुलं खाली जाजमावर, कमिटी पुढे खुर्च्यांत. मागे दाराशी एक म्हातारी बाई पाटाएवढ्या जागेत उकिडवी बसली होती. ती सकाळचा मासळीबाजार उरकून आलेली, रिकामी पाटी शेजारी पालथी घातलेली. तिच्या आजूबाजूच्या दोघींनी नाकाला पदर लावले होते. ती भारतीची आजी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मुलांनी एकेक पान वाचलं. मिठागरवाला वाचताना अडखळला, पण हॉल शांत झाला. नवरीच्या प्रश्नावर बायकांच्या बाजूने हुंकार आला. कमिटीचे गृहस्थही पुढे वाकून ऐकत होते. मामाचा चेहरा काळ्या चष्म्याआड उजळत चालला होता. मग तो उठला. शेवटचं पान वाचण्याआधी तो स्वतः बोलणार होता.

"आता जे पान ऐकाल," तो म्हणाला, "त्यात एक वल्हं आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या आरमारातलं वल्हं, आपल्या शाळेपासून दोन कोसांवर, एका घराच्या आढ्याला. आम्ही मास्तर पुस्तकं चाळतो. या मुलीने घराकडे पाहिलं. ये भारती."

टाळ्या वाजल्या. भारती उठली. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्या. ती गोंधळल्यासारखी दिसली, पण पान हातात होतं म्हणून ती वाचू लागली. तिने तिचं होतं तेच वाचलं. 'पण मी लिहिलं नाही, कारण मला माहीत नाही' इथे ती थांबली आणि पान घडी करू लागली.

हॉलमध्ये कुणाला काय करावं कळेना. कमिटीचे गृहस्थ म्हणाले, "वल्हं कुठाय?"

"कसलं वल्हं?" भारतीने विचारलं.

हेडमास्तर सावरायला पुढे आले. "अगं बाळ, लिहायचं राहिलं असेल. घरी वल्हं आहे ना तुमच्या?"

मी पहिल्या रांगेत होतो. मला तिचा चेहरा पूर्ण दिसत होता. शाळेचा सगळ्यात मोठा माणूस तिला एक पूर्वज देऊ करत होता. फुकट, सगळ्यांसमोर, टाळ्यांसकट. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आणि 'हो' खोटंही झालं नसतं.

"आहे, सर," ती म्हणाली. "पण ते माझ्या आजोबांचं. आरमाराचं नाही."

मागून म्हातारी ओरडली, "माजे दादल्याचा हाय तो! त्याव मी बोंबील वालत घालतंय!"

हॉल फुटला. मुलं जाजमावर लोळायची बाकी राहिली. हसण्यातून एक पालक म्हणाला, "सर, डोळ्याबरोबर कानाचं पण करून घ्या ना ऑपरेशन!" आणि पुन्हा हशा. भारती हसली नाही. ती मामाकडे बघत होती. आपण सरांना तोंडघशी पाडलं हे तिला समजलं होतं, तरी तिने शब्द मागे घेतला नाही. त्या मुलीचं वय तेव्हा चौदा असेल. मी आजवर थोरामोठ्यांना व्यासपीठांवर पाहिलं आहे, सत्कारांना हजर राहिलो आहे. इतकं ताठ उभं राहिलेलं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

मामाने हात वर केला. हसू ओसरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"पोरीचं बरोबर आहे," तो म्हणाला. "चूक माझी. मी ऐकण्यात चुकलो. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं." मग भारतीच्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाला, "बस बाळ. छान वाचलंस."

मी उठलो नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती असं लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल. पण मला आठवतं, ती चिकटली नव्हती. मी बोलू शकत होतो. मी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि बसून राहिलो.

वीस मार्क त्याच आठवड्यात गेले. हेडमास्तरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मास्तरांनाच नीट ऐकू येत नसेल तर वाटण्याला मार्क कशाच्या आधारावर द्यायचे? पुढच्या वर्षापासून पुन्हा सनावळ्या आणि कारणं-परिणाम. मामाची दृष्टी जाड भिंगाआडून परत आली, तेव्हा तपासायला तीच घोकलेली उत्तरं होती. आणि शाळेत वल्ह्याची गोष्ट राहिली. परब सर म्हणजे ज्यांना न लिहिलेलं ऐकू यायचं ते. स्नेहसंमेलनात त्याची नक्कल व्हायची. मामा पहिल्या रांगेत बसून ती बघायचा.

पण मला त्या रविवारबद्दलच सांगायचं आहे. घरी आलो तेव्हा मामीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिरफळांचा वास जिन्यापर्यंत आला होता. मामाने चपला काढल्या, गॅलरीत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पान आण."

"आदी जेवा," मामी म्हणाली. "पेपर खंय पळान जातत?"

"आण रे."

भारतीचं पान हेडमास्तरांनी इतर पानांबरोबर पिशवीत घालून दिलं होतं. मी स्टुलावर बसलो. पानाची घडी उघडली.

"घाई करू नको," मामा म्हणाला. "जिथे ती थांबलीय तिथे तूही थांब."

मी वाचलं. प्रत्येक शब्द, जसा होता तसा. पेला रिकामा होता, त्याच्या काठावर बोट टकटकत होतं. 'मग लिही काहीतरी, कोण बघायला येतंय.' बोट मंदावलं. 'पण मी लिहिलं नाही.' थांबलं. मी उरलेले शब्द वाचले. खालून कुणाच्या तरी रेडिओवर भावगीत लागलं होतं. माहुलची ज्योत भर दुपारी दिसत नव्हती, तिच्या जागी नुसती हवा हलत होती.

"पुन्हा," मामा म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. आणि त्या दुसऱ्या वाचनात, माझ्याच तोंडून, ते पान मला पहिल्यांदा ऐकू आलं. वर्षभर मामा जे शोधत होता, ज्यासाठी शाळेशी भांडला होता, ते या पोरीने दहा-बारा वाक्यांत करून ठेवलं होतं. पुस्तकात आपलं नाव आहे, घरात त्याची आठवण नाही, मधे एक मोठी रिकामी जागा आहे, आणि तिथे काहीही भरायची मोकळीक असताना, घरच्या माणसाने 'भर' म्हटलेलं असताना, ती त्या जागेच्या काठावर हात मागे घेऊन उभी राहिली होती. ती रिकामी जागा मला दिसलीच नव्हती. मी त्यात वल्हं नेऊन टाकलं होतं.

"किती मार्क?" मामाने विचारलं.

"मी काय सांगू?"

"वर्षभर ऐकतोयस. सांग."

"वीस," मी म्हणालो.

मामाने मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, कळलं नाही. मी पेन उघडून विचारलं, "तळाशी प्रश्न काय लिहू?"

"काही नको. तिने आजीला विचारलाय तोच पुरे." मग तो उठला, भिंत चाचपत आत गेला आणि मामीला म्हणाला, "वाढ गं. तिखलं निवतंय." त्याने मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. मी वाचत राहिलो, तो ऐकत राहिला. त्याचे डोळे परत आल्यावरही कधी कधी म्हणायचा, "वाच रे, तुझ्या आवाजात बरं लागतं." मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मामी त्याच्यानंतर फार राहिली नाही.

मध्यंतरी त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकाचा फोन आला. शाळेची स्मरणिका निघते आहे. "काका, परब सर तुमचे मामा ना? तो वल्ह्याचा किस्सा लिहून द्या ना. एकदम झकास आहे. सगळ्यांना वाचायला मजा येईल." मी 'देतो' म्हणालो आणि त्याच्याबरोबर हसलोही. हसून फोन ठेवल्यावर मी मुलुंडच्या माझ्या फ्लॅटमध्ये कागद शोधले. मग हे लिहायला घेतलं. मामाच्या कानांत काहीही दोष नव्हता. त्याला जे ऐकू आलं ते मी वाचलं होतं. स्मरणिकेत छापायचं तर हे छापा.

लिहून झाल्यावर मी सगळं मोठ्याने वाचून पाहिलं, हातात चहाचा पेला घेऊन. जुनी सवय. शेवटी मी एक प्रसंग लिहिला होता. मामाच्या अखेरच्या दिवसांत मी त्याच्या उशाशी बसलो आहे आणि तो माझा हात धरून म्हणतो आहे, 'मला माहीत होतं रे. त्याच दिवशी कळलं होतं.' वाचायला फार छान वाटलं. डोळ्यांत पाणीही आलं. पण पेल्यावरचं माझं बोट काही थांबलं नाही, टकटकत राहिलं.

मी तो प्रसंग खोडला. मामाला माहीत होतं का? त्या दुपारी पान पुन्हा वाचायला लावलं, ते भारतीसाठी की माझ्यासाठी?

मला माहीत नाही.